अँटीव्हायरस अपडेट करूनही तोच सीव्हीई पुन्हा रिपोर्टमध्ये? कुठे अडलंय ते असं शोधा

सिक्युरिटी स्कॅनरचा रिपोर्ट उघडावा, तर काही मशीनच्या पुढे लाल रंगात चक्क अँटीव्हायरसचंच नाव आणि सोबत एक सीव्हीई क्रमांक, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या माहीत झालेल्या सुरक्षेच्या भोकाला दिलेला जाहीर ओळखक्रमांक. तुम्ही अपडेटचं बटण दाबता, हिरवी खूण येते, तिकीट बंद होतं. पुढच्या स्कॅनला पहिले पाढे पंचावन्न. मग कोणी अँटीव्हायरस काढून पुन्हा टाकतं, कोणी ती ओळ 'अपवाद' म्हणून दाबून टाकतं, तर कोणी वैतागून अँटीव्हायरसच बंद करून ठेवतं.

हिरवी खूण खोटी नसते. पण बहुतेक वेळा ती फक्त डेफिनिशनबद्दल बोलत असते आणि भोक असतं इंजिनमध्ये, ड्रायव्हरमध्ये नाहीतर सोबत आलेल्या एखाद्या जोडप्रोग्रॅममध्ये. यांची अपडेट बहुतेक वेळा वेगवेगळ्या वाटांनी येतात. एक वाट बंद पडली तरी बाकीच्या सुरळीत चालू राहतात, म्हणून वरून सगळं ठीक दिसतं. तेव्हा पहिला प्रश्न एवढाच: भोक कुठल्या थरात आहे, आणि त्या थराचं अपडेट या मशीनपर्यंत पोचतंय का?

आधी थर ओळखा

डेफिनिशन म्हणजे काय ओळखायचं याची यादी. ती दिवसातून अनेकदा बदलते. इंजिन म्हणजे प्रत्यक्ष फाइल उघडून आत पाहणारा कोड. झिप, रार, पीडीएफ, ईमेलची जोडपत्रं, डिस्क इमेज, पॅक केलेल्या एक्झी असे शेकडो फॉरमॅट त्याला वाचता यावे लागतात. तिसरा थर म्हणजे प्रॉडक्ट किंवा प्लॅटफॉर्म: पार्श्वभूमीत चालणारी सर्व्हिस, कर्नलमधले (म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारे) ड्रायव्हर, पकडलेल्या फाइल कोंडून ठेवणारं क्वारंटाइन, आपल्याला दिसणारी खिडकी.

सीव्हीईचं वर्णन नीट वाचलं तर थर लगेच कळतो. 'खास बनवलेली फाइल स्कॅन होताना' असं लिहिलेलं असेल, तर भोक इंजिनमध्ये. 'स्थानिक वापरकर्ता आपले अधिकार वाढवू शकतो' किंवा लिंकच्या साह्याने फाइल उडवता येते असं असेल, तर प्रॉडक्टमध्ये. ड्रायव्हरचं नाव दिलं असेल, तर काही विचारायलाच नको.

इंजिनमधली भोकं सगळ्यात वाईट, कारण तिथे वापरकर्त्याने क्लिक करायचीही गरज नसते. फाइल डिस्कवर उतरली की अँटीव्हायरस स्वतःहून ती उघडतो, तेही सिस्टमच्या सर्वोच्च अधिकारांनी. मे २०१७ मध्ये प्रोजेक्ट झीरो या गूगलच्या सुरक्षा संशोधकांच्या गटातल्या टॅव्हिस ऑरमंडी आणि नॅटली सिल्व्हानोविच यांनी मायक्रोसॉफ्टच्या मालवेअर प्रोटेक्शन इंजिनमध्ये (डिफेंडर हेच इंजिन वापरतो) असंच एक भोक दाखवलं (सीव्हीई-२०१७-०२९०). जावास्क्रिप्टसारखी दिसणारी फाइल तपासण्यासाठी इंजिनच्या पोटात तो कोड चालवणारा एक छोटा इंटरप्रिटर होता, आणि तो कुठल्याही सँडबॉक्सशिवाय, म्हणजे बाकी सिस्टमपासून वेगळं ठेवणाऱ्या कुंपणाशिवाय, चालत होता. जे घातक आहे का ते बघायचं, तेच चालवून बघितलं जात होतं! मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या ठरलेल्या पॅचची वाट न पाहता ८ मे रोजी दुरुस्ती सोडली. ती इंजिन १.१.१३७०४.० मध्ये आली. त्या दिवशी ज्याने विंडोज अपडेटच्या यादीत नेहमीचा केबी क्रमांक (मायक्रोसॉफ्ट प्रत्येक अपडेटला देते तो) शोधला असेल, त्याला तो सापडणार नव्हता, कारण इंजिन डेफिनिशनच्या गाडीतून येतं.

एप्रिल २०१८ मध्ये त्याच इंजिनच्या रार उलगडणाऱ्या भागात भोक सापडलं (सीव्हीई-२०१८-०९८६). ते दाखवलं प्रोजेक्ट झीरोच्याच थॉमस डुलियन यांनी. मूळ अनरार कोड उचलून त्यात बदल करताना चिन्हासह असलेले पूर्णांक चिन्हाविना केले गेले, आणि त्यामुळे आधीच्या तपासण्या निकामी झाल्या. त्याआधी २०१६ मध्ये सिमँटेकच्या उत्पादनांत ऑरमंडी यांना आढळलेली गोष्ट तर कपाळाला हात लावायची: बाहेरून घेतलेल्या लायब्ररी निदान सात वर्षं अद्ययावतच केलेल्या नव्हत्या, आणि विंडोजवर पॅक केलेल्या फाइल उलगडण्याचं काम थेट कर्नलमध्ये चालत होतं. दुसऱ्याचा कोड आत घेऊन विसरून जायची ही खोड या धंद्यात जुनी आहे.

डिफेंडर असेल तर

डिफेंडर म्हणजे विंडोजसोबतच येणारा मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस. विंडोज सिक्युरिटी उघडा, डाव्या कोपऱ्यात खाली सेटिंग्ज, तिथून अबाउट. चार ओळी दिसतात: अँटीमालवेअर क्लायंट व्हर्जन, इंजिन व्हर्जन, अँटीव्हायरस व्हर्जन, अँटीस्पायवेअर व्हर्जन. शेवटच्या दोन ओळी म्हणजे डेफिनिशन. हिरवी खूण त्यांच्याबद्दल असते. तुम्हाला बघायच्यात पहिल्या दोन. क्लायंट म्हणजे प्लॅटफॉर्म.

२०२३ च्या मध्यापासून या आकड्यांतच तारीख दडलेली असते. इंजिन १.१.२४०८०.९ असेल, तर तिसऱ्या गटातले २४ म्हणजे २०२४ आणि ०८ म्हणजे ऑगस्ट. प्लॅटफॉर्मचंही तसंच, फक्त सुरुवात ४.१८ ने. इंजिन आणि प्लॅटफॉर्म दोन्ही साधारण महिन्याला एकदा नवे येतात. तेव्हा डेफिनिशन आजची आणि प्लॅटफॉर्म सात-आठ महिन्यांपूर्वीचा असं दिसलं, तर चोर सापडला.

असं होण्याचं नेहमीचं कारण ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सापडतं. डेफिनिशन थेट मायक्रोसॉफ्टकडून किंवा शेअर केलेल्या फोल्डरमधून येतात, पण प्लॅटफॉर्मचं अपडेट (केबी४०५२६२३) विंडोज अपडेटच्या वाटेने येतं, आणि आतल्या अपडेट सर्व्हरवर ते मंजूरच केलेलं नसतं. कोणीतरी कधीतरी फक्त 'डेफिनिशन अपडेट' या वर्गावर टिक केलेली असते, आणि पुढे त्या पानाकडे कोणी फिरकलेलं नसतं. अशा वेळी एका मशीनवर थेट मायक्रोसॉफ्टकडून अपडेट घेऊन पाहा. तिथे आकडा पुढे सरकला, तर मशीन निर्दोष आहे, सर्व्हर बघा.

आता उलट बाजू. अबाउटमध्ये सगळं ताजं आहे, तरीही स्कॅनर ओरडतोय. रिपोर्टमधल्या त्या नोंदीत पुरावा म्हणून फाइलचा पूर्ण पत्ता दिलेला असतो, तो वाचा. बरेच जण इथेच चुकतात, सीव्हीई क्रमांक वाचून थांबतात. पत्ता 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या विंडोज डिफेंडर फोल्डरचा असेल, तर ती विंडोजसोबत आलेली मूळ प्रत आहे. प्रत्यक्ष चालणारी प्रत 'प्रोग्रॅमडेटा'च्या आत 'प्लॅटफॉर्म' नावाच्या फोल्डरमध्ये, व्हर्जनच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये असते. नवी बिघडली तर मागे जाता यावं म्हणून तिथे जुनी आवृत्तीही ठेवलेली असते. टास्क मॅनेजरमध्ये 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' वर राइट-क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' घ्या. जो फोल्डर उघडेल तीच चालू प्रत. रिपोर्टमधला पत्ता वेगळा असेल, तर स्कॅनर अडगळीकडे बोट दाखवतोय. ते फोल्डर हाताने पुसायच्या भानगडीत पडू नका.

दुसरा अँटीव्हायरस टाकल्यामुळे डिफेंडर बंद असेल, तेव्हाही जुन्या इंजिनच्या फाइल डिस्कवर पडून राहतात आणि स्कॅनर त्यांची नोंद घेतो. बंद डिफेंडरमधून अशी भोकं वापरता येत नाहीत, असं मायक्रोसॉफ्टनेच आपल्या सूचनांमध्ये सांगितलं आहे. पण तो खरंच बंद आहे ना, याची खात्री आधी करा: विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' मध्ये कोण चालू आहे ते स्पष्ट दिसतं.

शट डाउन म्हणजे रीस्टार्ट नाही

ड्रायव्हर बदलणारं अपडेट लागू व्हायला मशीन रीस्टार्ट व्हावं लागतं. 'मी रोज संध्याकाळी बंद करतो, सकाळी चालू करतो' हे उत्तर सपोर्टमधल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं, आणि समोरचा माणूस खरंच सांगत असतो. पण विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शट डाउन करताना कर्नल आणि त्यात चढलेले ड्रायव्हर डिस्कवर साठवले जातात आणि सकाळी जसेच्या तसे परत आणले जातात. म्हणजे नवी फाइल डिस्कवर आलेली, पण मेमरीत अजून जुनाच ड्रायव्हर नांदतोय.

तपासायला सोपं आहे. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू. खाली 'अप टाइम' लिहिलेला असतो. रोज बंद होणाऱ्या मशीनचा अप टाइम अठरा-वीस दिवसांचा दिसला, तर समजून जा. स्टार्ट मेनूतून मुद्दाम रीस्टार्ट निवडा. हे वारंवार होत असेल, तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंदच करा. एसएसडी असलेल्या मशीनवर त्याने वाचणारे चार सेकंद या डोकेदुखीच्या मोलाचे नाहीत.

गेलेल्या अँटीव्हायरसचं भूत

कंट्रोल पॅनलमधून अँटीव्हायरस काढला, तरी त्याचा फिल्टर ड्रायव्हर (फाइल उघडताना-लिहिताना मध्ये बसून तपासणारा) मागे राहतो असं पुष्कळदा घडतं. त्याला अपडेट देणारं आता कोणी उरलेलं नसतं, आणि स्कॅनर मात्र इमानेइतबारे तोच सीव्हीई दर वेळी दाखवत राहतो.

अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एफ, एल, टी, एम, सी ही पाच अक्षरं टाइप करून एंटर मारा. फाइल सिस्टमवर बसलेल्या फिल्टर ड्रायव्हरची यादी येते, प्रत्येकाच्या पुढे 'अल्टिट्यूड' नावाचा आकडा. मायक्रोसॉफ्टने अँटीव्हायरससाठी ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा राखून ठेवलाय. डिफेंडरचा स्वतःचा ड्रायव्हर ३२८०१० वर असतो. या पट्ट्यात दुसरं एखादं नाव दिसलं आणि त्या कंपनीचा अँटीव्हायरस मशीनवर नसेल, तर तेच ते भूत. बहुतेक कंपन्या आपलं उत्पादन मुळापासून काढणारं वेगळं टूल देतात. ते कंपनीच्याच साइटवरून घ्या, सेफ मोडमध्ये चालवा, रीस्टार्ट करा, यादी पुन्हा बघा. ड्रायव्हरची फाइल थेट डिलीट करू नका. रजिस्ट्रीतली नोंद तशीच राहिली, तर मशीन निळ्या पडद्यावर अडकून बसेल.

इथे थांबा, हे अपडेटचं प्रकरण नसेल

अवास्ट आणि एव्हीजी या अँटीव्हायरसच्या अँटी-रूटकिट (लपून बसणारं मालवेअर शोधणाऱ्या) ड्रायव्हरमध्ये सेंटिनेलवन या सुरक्षा कंपनीला दोन भोकं सापडली होती (सीव्हीई-२०२२-२६५२२ आणि २६५२३). तो कोड २०१२ पासून तिथे होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये २२.१ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. पण जुन्या ड्रायव्हरवरची डिजिटल सही खरी आहे, आणि तेच हल्लेखोरांच्या पथ्यावर पडलं. ते तो जुना ड्रायव्हर सोबत घेऊन येतात, मशीनवर चढवतात आणि त्याच्याच हातून बाकीच्या सुरक्षा प्रोग्रॅमचा गळा दाबतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रेलिक्स या सुरक्षा कंपनीने वर्णन केलेल्या अशाच एका मालवेअरमध्ये मारायच्या १४२ प्रोसेसची नावं आधीच लिहून ठेवलेली होती.

म्हणून ज्या मशीनवर अवास्ट किंवा एव्हीजी कधीच नव्हता, तिथे हा ड्रायव्हर रिपोर्टमध्ये आला, तर अपडेट शोधत बसू नका. मशीन नेटवर्कवरून काढा आणि घुसखोरी झाली असं समजूनच पुढची पावलं उचला. एरवी बचाव म्हणून मायक्रोसॉफ्टची 'व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्ट' चालू आहे का ते पाहा: विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन. विंडोज ११ च्या २०२२ च्या आवृत्तीपासून ती मुळातच चालू येते. जुन्या मशीनवर हाताने लावावी लागते.

लिनक्स आणि क्लॅमएव्ही

मेल सर्व्हरवर बहुधा क्लॅमएव्ही हा मुक्त-स्रोत अँटीव्हायरस असतो, आणि आपला मूळ घोटाळा इथे अगदी उघडा दिसतो. फ्रेशक्लॅम हा त्याचा अपडेटर फक्त डेटाबेस, म्हणजे डेफिनिशन, आणतो. प्रोग्रॅमला तो हात लावत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये एचएफएस प्लस (ॲपलच्या मॅकचा फॉरमॅट) डिस्क इमेज वाचणाऱ्या भागात भोक निघालं (सीव्हीई-२०२३-२००३२, तीव्रता १० पैकी ९.८). ईमेलमधून खास बनवलेली फाइल पाठवली की काम झालं. दुरुस्ती आली ०.१०३.८, ०.१०५.२ आणि १.०.१ या आवृत्त्यांमध्ये. फ्रेशक्लॅम त्यानंतर रोज चालवला, तरी भोक जागच्या जागी.

फ्रेशक्लॅमचा लॉग उघडून पाहा. 'तुमचं क्लॅमएव्ही जुनं झालंय' अशा अर्थाची इंग्रजी ओळ, खाली स्थानिक आवृत्ती आणि सुचवलेली आवृत्ती असं तो बिचारा केव्हापासून सांगत असतो. डेटाबेस तरीही उतरतो, म्हणून कोणी ते वाचत नाही. पॅकेज मॅनेजरमधून प्रोग्रॅम अपडेट करा आणि मग डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारी सर्व्हिस, रीस्टार्ट करायला विसरू नका. नाहीतर जुनी लायब्ररी मेमरीत तशीच चालू राहते.

दोन गोष्टी इथे फसवतात. काही लिनक्स वितरणं आवृत्तीचा आकडा तोच ठेवून नव्या आवृत्तीतली दुरुस्ती फक्त जुनीत आणून लावतात, त्यामुळे आकड्यावरून स्कॅनर उगाच ओरडतो. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीई क्रमांक शोधा, सापडला तर विषय संपला. दुसरं, मेल गेटवे, नेटवर्क स्टोरेजचे डबे आणि कंटेनर इमेज यांच्या पोटात क्लॅमएव्ही असतो. तिथे तुम्ही पॅकेज बदलू शकत नाही. बनवणाऱ्याचं फर्मवेअर किंवा नवी इमेजच लागते.

प्रॉडक्टच्या थरातली भोकं: फाइल उडवणारी

ही वेगळ्या जातीची. डिसेंबर २०२२ मध्ये सेफब्रीच या सुरक्षा कंपनीच्या ओर यायर यांनी दाखवलेला प्रकार पाहण्यासारखा आहे. साधा वापरकर्ता एका फोल्डरमध्ये घातक फाइल ठेवतो आणि ती उघडी धरून बसतो. अँटीव्हायरस ती पकडतो, पण उघडी असल्याने पुसता येत नाही, म्हणून 'रीस्टार्ट झाल्यावर पुसू' अशी नोंद करतो. मधल्या वेळात वापरकर्ता तो फोल्डर काढून त्याच नावाचं जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारी लिंक) बनवतो, जे सिस्टमच्या एखाद्या महत्त्वाच्या फोल्डरकडे बोट दाखवतं. मशीन पुन्हा चालू होतं आणि सर्वोच्च अधिकारांनी भलतीच फाइल उडते. तपासलेल्या ११ उत्पादनांपैकी ६ या सापळ्यात अडकली, त्यात डिफेंडर, ट्रेंड मायक्रो आणि अवास्टही होते. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये रॅक९११ लॅब्सने असल्याच लिंकच्या खेळाने २८ अँटीव्हायरस चकवले होते.

निवारणाच्या दृष्टीने मुद्दा असा की अशी दुरुस्ती प्रॉडक्टच्या आवृत्तीत येते, आणि लायसन्स संपलेल्या मशीनवर नवी आवृत्ती पोचत नाही. कुठे डेफिनिशनही थांबतात, कुठे त्या तेवढ्या चालू राहतात. दुसरा प्रकार जास्त फसवा. रिपोर्टमधल्या हट्टी मशीनची यादी लायसन्सच्या यादीशी ताडून पाहा. बऱ्याचदा तीच नावं निघतात.

जोडप्रोग्रॅम काढून टाका

अँटीव्हायरससोबत येणारे पासवर्ड मॅनेजर, ब्राउझर एक्स्टेन्शन, 'सुरक्षित' ब्राउझर हे माझ्या मते निव्वळ वाढीव धोका. डिसेंबर २०१५ मध्ये एव्हीजीच्या क्रोम एक्स्टेन्शनमध्ये आणि जानेवारी २०१६ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ऑरमंडी यांनी गंभीर भोकं दाखवली. दुसऱ्यात तर कुठलीही वेबसाइट तुमच्या मशीनवर कमांड चालवू शकत होती. या जोडप्रोग्रॅमचा अपडेटर मुख्य प्रोग्रॅमपेक्षा वेगळा असला, तर त्याच्याकडे कोणाचं लक्षही नसतं.

एचटीटीपीएस स्कॅनिंगही याच पंक्तीतलं. ते चालू आहे का हे बघायला ब्राउझरमध्ये कोणतीही साइट उघडा आणि सर्टिफिकेट कोणी दिलंय ते वाचा. तिथे तुमच्या अँटीव्हायरसचं नाव दिसलं, तर प्रत्येक सुरक्षित जोडणी मध्येच उघडून पुन्हा बांधली जातेय. कॅस्परस्कीच्या याच भागात सर्टिफिकेट ओळखायला फक्त ३२ बिटांची किल्ली वापरलेली होती, हे प्रोजेक्ट झीरोने दाखवून दिलं. घरच्या मशीनवर हे बंद ठेवलेलं बरं.

मशीनच मागे जात असेल तर

वरचं सगळं करून झालं आणि तरीही ये रे माझ्या मागल्या, तर मशीन रोज जुन्या स्थितीत परत जातंय का ते पाहा. प्रशिक्षणाच्या लॅबमधली गोठवलेली मशीन, स्नॅपशॉटवरून परत आणलेली व्हर्च्युअल मशीन, आठ महिन्यांपूर्वीच्या इमेजवरून नव्याने बनणारे डेस्कटॉप. डेफिनिशन चालू झाल्याझाल्या उतरतात, प्लॅटफॉर्म उतरेपर्यंत सत्र संपलेलं असतं. इमेज गोठवण्याआधी इंजिन आणि प्लॅटफॉर्म पुढे न्या, तेही दर महिन्याला.

मग अँटीव्हायरस बंदच केला तर?

रिपोर्ट हिरवा होईल, हे खरं. पण या भोकांचा वापर फुटकळ मालवेअर सहसा करत नाही, आणि रोजच्या मेलमधून येतं ते फुटकळच. अपवाद आहेत: जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्त झालेलं डिफेंडरचं भोक (सीव्हीई-२०२१-१६४७) आधीच प्रत्यक्ष वापरात होतं. ते इंजिन १.१.१७७००.४ मध्ये बुजलं, आणि ज्यांची अपडेटची वाट मोकळी होती त्यांना काहीही करावं लागलं नाही. एकावर एक दोन अँटीव्हायरस मात्र नकोतच. भोकं दुप्पट, फायदा नाही.

डिफेंडर वापरणाऱ्यांना आणखी एक करता येतं. ऑक्टोबर २०१८ पासून त्याचा फाइल उलगडणारा भाग सँडबॉक्समध्ये चालू शकतो. सिस्टमच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये 'एमपी_फोर्स_यूज_सँडबॉक्स' (इंग्रजी मोठ्या अक्षरांत) ची किंमत १ ठेवून रीस्टार्ट करायचं. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये नेहमीच्या प्रोसेससोबत नावाच्या शेवटी 'सीपी' असलेली दुसरी प्रोसेस दिसली, की ते चालू झालं. आधी एक-दोन मशीनवर लावून वेगावर काय परिणाम होतो ते पाहा.

कंपनीच्या सपोर्टला लिहिताना 'अपडेट होत नाही' एवढंच लिहिलंत, तर डेफिनिशन अपडेट करायचा सल्ला परत येईल. सीव्हीई क्रमांक, रिपोर्टमधला फाइलचा पूर्ण पत्ता, इंजिन आणि प्रॉडक्ट दोन्हींचे आकडे, अप टाइम आणि फिल्टर ड्रायव्हरची यादी पहिल्याच मेलमध्ये जोडा. आणि चूक स्कॅनरची निघाली, तर अपवाद पूर्ण मशीनवर लावू नका. त्या एका फाइलच्या पत्त्यापुरता लावा, आणि त्याला संपण्याची तारीख घाला.